धक्क्याची अक्षरं

कौमुदी पिंपळखुटेला गप्प बसवणं रायपूर स्टेशनात कुणाला कधी जमलं नव्हतं. बावीस वर्षं ती चौकशीच्या खिडकीत बसली. समोर काच, काचेला बशीएवढं भोक, पलीकडे रांग, आणि रांगेतल्या प्रत्येकाला आपलीच गाडी जगात सगळ्यांत महत्त्वाची. माईक बिघडला तरी तिचं काही अडत नसे. "पाच नंबर! अरे भैया, पाच बोल रही हूँ, सात नहीं!" हे तिचं वाक्य पार जिन्यावरच्या हमालांना ऐकू जाई, आणि तेही आपापली गिऱ्हाइकं मुकाट पाच नंबरकडे वळवत. आवाज गोड होता असं तिची मैत्रीणही म्हणाली नसती. पण खणखणीत होता, तिचा स्वतःचा होता, आणि त्याच्या जोरावर तिने घर चालवलं होतं.

मग तो बसला. आधी वाटलं थंड पाणी बाधलं, मग वाटलं धूळ. शेवटी डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं तेव्हा स्वरयंत्रावर गाठ निघाली, आणि मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात अख्खं स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. भेटायला येणारी प्रत्येक बाई जवळ सरकून हळूच विचारायची, "गुडाखू घासत होत्या का हो?" कौमुदीने जन्मात तंबाखूचं ते गुडाखू तर सोडाच, सुपारीचं खांडही तोंडात धरलं नव्हतं. या बायांना चार शब्द सुनावावेत असं तिला फार वाटायचं, पण तेच तर आता होत नव्हतं.

कारण आता तिचा श्वास गळ्याच्या पायथ्याशी पाडलेल्या एका भोकातून थेट आत-बाहेर करायचा. तोंडापर्यंत हवा येतच नव्हती. ओठ हलायचे, जीभ हलायची, शब्दाचा आकार अगदी बरोबर व्हायचा, आणि आत काहीच नसायचं. ती मग पाटीवर लिहायची. त्यात आणखी एक गंमत अशी, की ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही अशी लोकांची पक्की समजूत असते. भाजीवाली तिला ओरडून भाव सांगायची. शेजारीण हातवारे करायची. सख्खा भाऊसुद्धा बैठकीतून गर्जायचा, "दीदी! चाय! पिएगी?" ती पाटी उचलून दाखवायची. पाटीवर कायमचंच लिहिलेलं असायचं: 'बहिरी नाही.'

हा भाऊ म्हणजे लोकेश. आई लवकर गेली आणि बाबा रेल्वेच्या नोकरीत असतानाच गेले, तेव्हा कौमुदी बावीसची होती आणि लोकेश नऊ वर्षांचा. बाबांच्या जागी तिला नोकरी मिळाली. लोकेशची शाळा, त्याचे फुटलेले गुडघे, त्याची बारावी, त्याचं लग्न, सगळं तिने निभावलं. तिच्या स्वतःच्या लग्नाचा विषय कुणी काढलाच तर ती त्याला "कुठली गाडी पाहिजे?" असं विचारून वाटेला लावायची. चौबे कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये आता ती, लोकेश आणि त्याची बायको क्षमा असे तिघं राहत होते.

डिसेंबरात क्षमाला दिवस राहिल्याचं कळलं, आणि लोकेश आनंदाच्या भरात बोलून गेला, "दीदी, बारशाला कान में नाम तूच सांगायचं हं. आत्या तर तूच आहे." बोलला आणि त्याचं तोंड उतरलं. काय बोलून बसलो हे त्याच्या एक क्षण उशिरा लक्षात आलं. बाळाच्या कानात नाव सांगायचं म्हणजे नुसती कुजबुज, पण कुजबुजीलाही श्वास लागतो, आणि तेवढाही तिच्या तोंडात उरला नव्हता. कौमुदीने पाटी घेतली, 'सांगीन' असं लिहिलं आणि त्याखाली अशी रेघ ओढली की खडूचे दोन तुकडे झाले. या पोराला मी वाढवला, याच्या लेकराला नाव मीच देईन. दुसऱ्या कुणी दिलं तर आपण या घरात पाहुण्या झालो, असं तिला त्या दिवशी वाटलं, आणि ते काही केल्या मनातून जाईना.

डॉक्टरांनी तिला एक पत्ता दिला होता, तो तिने सहा महिने पर्समध्ये तसाच ठेवला होता. त्या पत्त्यावर ती दुसऱ्याच दिवशी जाऊन थडकली.

पत्ता तात्यापाऱ्यातला होता. खाली भांड्यांचं दुकान, वर एक खोली, आणि खोलीत मारोती ढोमणे नावाचा सत्तरीकडे झुकलेला माणूस. मूळचा अकोटकडचा, सिलतऱ्याच्या कारखान्यात भट्टीपुढे पंचवीस वर्षं काढलेली. त्याच्या गळ्यावर गमछा होता, आणि गमछ्याखाली कौमुदीसारखंच भोक. नऊ वर्षांपूर्वी त्याचंही स्वरयंत्र गेलं होतं.

"या बाई, बसा," तो म्हणाला.

कौमुदी बसली नाही. आवाज जाड होता, खोल होता, जरा घोगरा होता, पण शब्द न् शब्द कळत होता. तिने त्याच्या हातात, मग टेबलावर, मग टेबलाखाली पाहिलं.

"मशीन नाही जी. सारे आधी मशीनच पायतात." तो हसला, पण हसण्याचा आवाज झाला नाही. "हे आपलं ढेकर हाय. तुम्ही ढेकर देता का?"

कौमुदीने त्याच्याकडे असं पाहिलं की खिडकीतली रांग त्या नजरेने एक पाऊल मागे सरकली असती. चारचौघांत ढेकर देऊ नये म्हणून लहानपणी तिने आईचा चिमटा खाल्ला होता, आणि हा माणूस तिला पहिल्या भेटीत हे विचारत होता.

मारोतीभाऊंना अशा नजरांची सवय होती. त्यांनी समजावून सांगितलं. फुप्फुसाची हवा गेली, ती आता तोंडात येणार नाही. पण तोंडात जी घोटभर हवा असते ती मागे ढकलून अन्ननळीच्या तोंडाशी पोचवायची आणि लगेच परत आणायची. परत येताना ती तिथल्या मांसाला थरथरवते. तोच आपला आवाज.

"आता हवा मांगं पोचवणारा हमाल कोन? तुम्ही रेल्वेच्या, तुम्हाले लवकर समजन. हमाल म्हंजे 'प'. ओठ मिटा. हवा कोंडा. दाबा. अन् फोडा. प! अर्धी बाहीर जाते, अर्धी मांगं पयते. थे मांगची आपली."

शाळेत सगळेच क-ख-ग-घ घोकतात. पण त्या ओळींमध्ये तोंडाचा अख्खा नकाशा आहे हे कौमुदीला पंचेचाळिसाव्या वर्षी, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत कळलं. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग वर जाऊन वाट अडवतो. 'ट'ला जिभेचं टोक टाळूला टेकतं, 'त'ला दातांना, 'प'ला ओठच एकमेकांना अडवतात. प्रत्येक वेळी हवा पूर्ण थांबते आणि मग फुटून सुटते. मारोतीभाऊंनी तिला तोंडापुढे तळहात धरायला लावला. 'प' म्हटलं की तळव्याला हवेची चापट बसायची, 'म' म्हटलं की काही नाही. या अडवून सोडलेल्या अक्षरांना मारोतीभाऊ धक्क्याची अक्षरं म्हणत. व्याकरणात त्यांना दुसरं नाव असेल, पण भट्टीवरच्या माणसाला हे पुरे होतं. इतकी वर्षं ती बोलत आली होती, आपली जीभ कुठे कुठे जाऊन येते हे बघायला तिला कधी वेळच मिळाला नव्हता.

तीन आठवडे नुसत्या उचक्या लागल्या. हवा मागे जायची आणि तिकडेच मुक्काम ठोकायची. पोट फुगायचं, डोळ्यांत पाणी यायचं, राग तर मस्तकात जायचा. एकदा तिने पाटीवर लिहिलं, 'हे माझ्याच्याने होत नाही.' मारोतीभाऊंनी ते वाचलं, पुसलं आणि म्हणाले, "लिहू नका. बोलून सांगा मले, होत नाही म्हनून." ती चिडून पुन्हा ओठ मिटून बसली. आणि एका मंगळवारी खोलीत कुणीतरी स्वच्छ म्हणालं, "पा."

कौमुदीने मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

"तुम्हीच हाय जी," मारोतीभाऊ म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. रडताना त्यांचाही आवाज होत नव्हता.

पुढचे महिने घरात मोठे मजेचे गेले. ज्या वस्तूंच्या नावात धक्का होता त्यांचा मान वाढला. कप, ताट, पाट, तूप. कौमुदी स्वयंपाकघरातून फर्मान सोडायची, "ता-ट!" आणि लोकेश सात ताटं घेऊन धावायचा. 'ब' म्हणायला गेलं तर 'प' निघायचा, कारण जागा एकच, फक्त गळ्यातली थरथर गेलेली. 'ह' तर साफच गेला होता. नुसत्या श्वासाचं अक्षर ते, श्वासाशिवाय येणार कुठून? पण "काहून" हा तिचा आवडता शब्द "काऊन" होऊन निघाला, आणि त्यांच्या वऱ्हाडी नातेवाइकांतले निम्मे तो तसाच म्हणत असल्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा लोकेश उशिरा घरी आल्याबद्दल काहीतरी थाप मारत होता. "काऊन?" असं मागून ऐकू आल्यावर त्याच्या हातून डबा पडला. नंतर तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ उभा राहिला.

जुलैच्या शेवटी मुलगी झाली. हिंदी शेजारणींचा सावन पौर्णिमा सरली की लागतो, तो लागून चार दिवस झाले होते. आपल्या मराठी पंचांगात मात्र अजून आषाढच चालू होता. क्षमाने नाव ठरवलं, श्रावणी. क्षमाची आई गोदावरीबाई बाळंतपणासाठी गोंदियाहून आल्या होत्या, त्यांनी हरकत घेतली. "आखाडातली पोट्टी, अन् श्रावनी कायची?"

"आई, पोट्टी रायपूरची हाय ना? मंग इथलाच सावन तिचा," क्षमा म्हणाली, आणि तो विषय मिटला.

कौमुदीला नाव फार आवडलं. ते तिने मंगळवारी मारोतीभाऊंना पाटीवर लिहून दाखवलं, तेव्हा मात्र त्यांनी कपाळाला हात लावला.

"श. र. व. न." त्यांनी बोटांवर मोजलं. "एकबी हमाल नाही, बाई. सारे पॅशेंजर."

नावात एकही धक्का नव्हता. वर 'श' असा उधळ्या, की मोठ्या कष्टाने मागे पोचवलेली सगळी हवा तो एकटाच उडवून टाकायचा आणि पुढच्या अक्षरांच्या वाट्याला काही उरायचं नाही. मारोतीभाऊंनी दोन दिवस विचार करून तोड काढली. 'प' म्हणायचा नाही, पण ओठ मिटून, मुक्यानेच हवा मागे दाबून घ्यायची, मग 'श्रा'. 'व'साठी ओठ तसेही जवळ येतात, तेवढ्यात आणखी एक मुका 'प' दाबायचा, मग 'वणी'. ऐकायला सोपं. कौमुदीने आरशापुढे, गॅसपुढे, खिडकीतून बदली होऊन ती आता ज्या ऑफिसात बसायची तिथल्या फायलींच्या कपाटापुढे घोकलं. सप्टेंबर उजाडेपर्यंत दहांपैकी चार वेळा नाव नीट यायला लागलं. उरलेल्या सहा वेळा अर्धं यायचं, किंवा काहीच नाही. "घाबरलं का तिथलं तोंड आवळते," मारोतीभाऊ बजावायचे. "घाबरू नका, बस." कौमुदीला हा सल्ला देणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं, कारण घाबरणं हे तिचं काम कधी नव्हतंच.

मध्ये लोकेशने गळ्याला लावायचं एक यंत्र आणून पाहिलं. बटण दाबलं की ते गुणगुणतं आणि ओठ हलवले की त्या गुणगुणीचे शब्द होतात. पुष्कळ लोकांचं त्याने भलं होत असेल. कौमुदीने पाळण्यापाशी बसून यंत्र गळ्याला टेकवलं आणि नाव घेतलं. श्रावणीने आत्याकडे पाहिलं, ओठ काढले, आणि असा काही टाहो फोडला की अर्धा तास ती कुणालाच आटपली नाही. यंत्र कपाटावर गेलं.

बारसं सव्वा महिन्याने करायचं ठरलं होतं. तेव्हा क्षमाला ताप आला. ताप उतरला तर पितृपक्ष लागला. म्हणून ते नवरात्रातल्या पंचमीवर गेलं. आठ दिवस उरले असताना कौमुदी स्वयंपाकघरात दोडके चिरत होती आणि बाहेर बैठकीत गोदावरीबाई लोकेशशी बोलत होत्या. अगदी नेहमीच्या आवाजात. ती आत आहे हे दोघांना ठाऊक होतं, पण पाटीवर रोज वाचूनही त्यांची समजूत काही बदलली नव्हती.

"मी काय म्हंतो लोकेशराव, भिलाईच्या शर्मिष्ठाले बोलावून घ्या ना. चुलत का असेना, थे बी आत्याच लागते. कानात नाव थे घेईन. ताईले कायले तरास द्याचा?"

लोकेशने आधी मान डोलावली. मग म्हणाला, "मैं भी वही सोच रहा था, आई. सबके सामने अटक गई ना दीदी, तर तिचा चेहरा मुझसे देखा नहीं जाएगा."

कौमुदीने विळी बाजूला सारली. तिला राग आला, आणि रागाची पंचाईत अशी की तो प्रेमाने बोलत होता. नुसता दुष्टपणा असता तर तिने एका शब्दात निकाल लावला असता. ती दारात जाऊन उभी राहिली.

"काऊन?"

दोघंही दचकले. तिने पाटी घेतली आणि लिहिलं, 'माझा चेहरा बघवत नसेल तर डोळे मीट. नाव मी घेणार.'

"दीदी, वैसा नहीं..." लोकेश उठला.

आवाज ऐकून क्षमा बाळाला घेऊन बाहेर आली. तिला काय चाललंय ते कळायला वेळ लागला नाही, कारण हीच काळजी तिलाही होती आणि तिने आपल्या परीने त्यावर उपायही शोधून ठेवला होता. तिने मोबाइल पुढे केला. "ताई, रागावू नका. मी मारोतीभाऊंना फोन केला होता. नावच बदलून टाकू. ही बघा, यादी केली मी."

कृतिका. पूर्वा. तपती. कविता. कौमुदीने यादी खालपर्यंत वाचली. 'तपती' तर तोंडातून फुटाण्यासारखं फुटलं असतं, दहांपैकी दहा वेळा. क्षणभर तिचं मन मोहात पडलं, नाही असं नाही. मग तिने क्षमाच्या कुशीतल्या पोरीकडे पाहिलं. दोन महिने ही आई हिला एकाच नावाने बोलावत होती, आणि आता 'श्रावणी' म्हटलं की पोर मान वळवून शोधायला लागली होती.

तिने पाटी पुसली. 'पोपट ठेव. टपकन म्हणीन.'

क्षमाला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. कौमुदीने पुन्हा पुसलं आणि या वेळी सावकाश लिहिलं. 'नाव पोरीचं आहे. माझ्या तोंडाच्या मापाने शिवायचं नाही. शर्मिष्ठाला जेवायला बोलव.'

पंचमीला शर्मिष्ठा जेवायला आली, पण आली ती हिरवी पैठणी नेसून आणि पाळण्याच्या अगदी जवळची जागा धरून. बिचारीचा त्यात काही दोष नव्हता. तिला फोनवर काय सांगितलं असेल हे कौमुदीला तिची जागा पाहूनच कळलं. आपण अडकलो की हिला पुढे ढकलणार. बैठकीत पंचवीस-तीस बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या. दाराबाहेर पुरुष उभे होते, त्यांत नवा कोरा गमछा घातलेले मारोतीभाऊही होते.

गोदावरीबाईंनी फार चांगल्या मनाने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे ताईंचा आवाज ऐकू यावा म्हणून पंखे बंद करायला लावले आणि सगळ्यांना चूप बसवलं. दुसरी म्हणजे त्यांनी आधीच आत स्वयंपाकघरात एकेकीला बजावून ठेवलं होतं, "ताईच्या पाठीले कोनी हात लावाचा नाही हं. येवढं मोठं ऑपरेशन झालं हाय."

पाळणा म्हणून झाला. कौमुदी वाकली. श्रावणी जागी होती, गालाला काजळाचा ठिपका, मुठी आवळलेल्या. कौमुदीने तिच्या कानाशी तोंड नेलं, ओठ मिटले आणि मुका 'प' मागे दाबला.

हवा गेली आणि आतच राहिली.

खिडकीपलीकडे गोंगाट असला की तिची जीभ आपोआप चालायची. अशी शांतता तिला कधी सोसावी लागली नव्हती. तिने पुन्हा ओठ दाबले. आणखी एक घोट मागे गेला आणि छातीच्या हाडामागे जाऊन गोळा झाला. मारोतीभाऊ म्हणायचे ते तोंड आवळलं होतं, आणि का आवळलं हेही तिला कळत होतं. ती घाबरली होती. तिसऱ्यांदा दाबलं. काही नाही. श्रावणी टकमक बघत होती. बाया आपापल्या बांगड्यांकडे बघत होत्या.

आणि कौमुदीला आणखी एक गोष्ट जाणवली. आत्या नाव सांगायला वाकली की तिच्या पाठीवर धपाधप बुक्के बसतात. वहिन्या, भावजया, शेजारणी, सगळ्या तेवढ्यात हात धुऊन घेतात, आत्या ओरडते, हशा होतो, त्या धांदलीत बारसं पार पडतं. तिने स्वतः किती आत्यांच्या पाठी मऊ केल्या होत्या. आज तिची पाठ तशीच वाकलेली होती आणि तिच्यावर कुणाचा हात पडत नव्हता. अडकलेल्या नावापेक्षा तिला हे जास्त लागलं. आपल्याला सगळ्यांनी काचेच्या भांड्यासारखं उचलून फळीवर ठेवून दिलंय, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

शर्मिष्ठाच्या पैठणीची सळसळ झाली. दारातून लोकेशचा आवाज आला, "दीदी, रहने दे ना. हो जाएगा."

कौमुदी उठली नाही. तिने उजवा हात मागे नेला आणि स्वतःच्याच पाठीवर मूठ मारली. नीट पोचली नाही. पुन्हा मारली.

"काय होते जी ताईले? दुखून राहिलं का? पानी आना कोनी!" गोदावरीबाई घाबरून उठल्या.

"पाणी नको, आई," क्षमा म्हणाली. ती पाळण्याच्या डोक्याशी उभी होती. ती दोन पावलं पुढे आली, साडीचा पदर कमरेला खोचला, आणि नणंदेच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, सणकन बुक्का घातला.

"श्रा—"

आवाज कुठून आला हे क्षणभर कुणाला कळलंच नाही. जाड, खरखरीत, पोटाच्या तळातून उसळून आलेला, ढेकराचा सख्खा भाऊ शोभणारा. सांगायचं होतं कानात, पण तो दाराबाहेरच्या पुरुषांपर्यंत गेला. क्षमाने वाट पाहिली नाही, दुसरा घातला.

"—वणी!"

पोरीने डोळे मोठे केले. तिच्या कपाळावरचं जावळ त्या वाऱ्याने हललं. ती रडेल म्हणून सगळ्यांनी श्वास रोखला, पण तिने मान वळवली आणि आत्याच्या तोंडाकडे, जिथून तिचं नाव आलं होतं तिकडे, बघत राहिली.

मग मात्र गोदावरीबाईंचं कुणी ऐकलं नाही. स्वतः गोदावरीबाईंनीही ऐकलं नाही. शेजारीण उठली, शर्मिष्ठा पैठणी सावरत उठली, मागच्या बाया पुढच्यांना ढकलून आल्या आणि कौमुदीच्या पाठीवर बुक्क्यांचा पाऊस पडला. दारात मारोतीभाऊ गमछ्याने डोळे पुसत होते. लोकेशने डोळे मिटले नव्हते. तो उघड्या डोळ्यांनी, लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडत उभा होता.

"बस करा गं, लागेल त्यांना," कुणीतरी म्हणालं आणि हात थांबले.

कौमुदी पाळण्यावर वाकलेलीच होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळून श्रावणीच्या दुपट्यावर पडत होतं. तिने मान किंचित वळवून क्षमाकडे पाहिलं आणि ओठ मिटले.

"पु-न्ना," ती म्हणाली.

क्षमाने पुन्हा मूठ उचलली.